पहिले तेरा पेशंट

गेल्या दिवाळीनंतर मामाचा फोन आला. मामा नाशिकला असतो, बँकेतून रिटायर झालाय. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन, केमो सगळं रीतसर पार पडलं, आणि आता नेहमीच्या स्कॅनमध्ये यकृतावर एक ठिपका दिसला.

"तेवढा तुकडा काढून टाकायचा म्हणतायत. हॉस्पिटलात रोबोट आलाय म्हणे. काय रे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, रोबोटकडून करून घेऊ का?"

आता मी ज्या कॉम्प्युटरवर काम करतो तिथे विम्याचे हप्ते मोजतात. त्यातही रिलीजच्या दिवशी माझे हात थरथरतात. पण मामाला "मला त्यातलं काही कळत नाही" असं सांगायची सोय नाही. आमच्या घरात एकदा इंजिनियर झालात की मिक्सरपासून यकृतापर्यंत सगळं तुमच्याकडे येतं. म्हणून वाचायला बसलो. दोन वीकेंड गेले. रोबोट चांगला की वाईट, या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबलोच नाही. त्याच्या मागे दुसराच एक जुना प्रश्न उभा होता: सर्जन शिकतो कुठे, आणि कोणावर?

आधी यकृताबद्दल थोडं. कलेजी ज्याने कधी साफ केली असेल त्याला हा अवयव हातात कसा लागतो ते ठाऊक असेल. बुळबुळीत, मऊ, सुरी लावली की फाटणारा. टाका घालून दोरा ओढला तर दोराच त्याला चिरत जातो. वजन साधारण दीड किलो, आणि त्यातून मिनिटाला सव्वा ते दीड लिटर रक्त वाहतं. आपल्या अंगात एकूण रक्त पाचेक लिटर. म्हणजे चुकीच्या ठिकाणी सुरी लागली तर हातात किती मिनिटं उरतात, हे गणित सोपं आहे. दुसरीकडे, निरोगी यकृताचा बराच मोठा भाग, जवळजवळ सत्तर टक्क्यांपर्यंत, काढला तरी उरलेलं वाढून काम सांभाळतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या अवयवाला हे जमत नाही. थोडक्यात, यकृत कापलेलं चालतं, पण कापताना माणूस वाचवायचा कसा हे कितीतरी वर्षं कळत नव्हतं.

ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगलने १९०८ साली एक पेपर लिहिला. अपघातात यकृत फाटलेले पेशंट त्याच्याकडे येत होते. यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या एका पट्ट्यातून आत जातात. तो पट्टा बोटांच्या चिमटीत धरला की रक्त थांबतं, हे त्याच्या लक्षात आलं. ज्यांच्यावर त्याने शस्त्रक्रिया केली ते चारही जण गेले. मग त्याने सशांवर प्रयोग केला, तो जमला, आणि हे सगळं त्याने प्रामाणिकपणे छापलं. आज रोबोटने यकृत कापतानासुद्धा तोच पट्टा आवळायची तयारी ठेवलेली असते. साधारण पंधरा मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा. शंभराहून अधिक वर्षं जुना कोड अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे म्हणा ना.

या गोष्टीत माझा आवडता माणूस मात्र व्हिएतनामचा आहे. तोन थाट तुंग. १९३०च्या दशकात, म्हणजे व्हिएतनाम फ्रेंचांच्या ताब्यात असताना, हा हनोईमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता. शवविच्छेदनाच्या टेबलावर त्याने दोनशेहून अधिक मृतांची यकृतं घेतली आणि मऊ पेशी खरवडून काढत आतल्या शिरांचं जाळं तेवढं मागे ठेवलं. पिंपळाचं पान कुजून गेल्यावर नुसत्या रेषा उरतात, तसं. १९३९ साली त्याने यावर प्रबंध लिहिला. यकृत हा एकसंध गोळा नसून त्याच्या आत हद्दी आखलेल्या आहेत आणि त्या हद्दींवरून कापलं तर रक्तस्राव आवरता येतो, हे त्याला त्या खरवडण्यातून दिसलं. पुढे त्याने आणखी एक पद्धत काढली. सुरीने कापायचंच नाही. बोटांनी यकृत चुरडायचं. पेशी चुरडल्या जातात, शिरा चिवट असल्याने बोटांना लागतात, मग एकेक शीर बांधून तोडायची. १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याने हे मांडलं. मधल्या काळात तो दिएन बिएन फूच्या लढाईत जखमींवर शस्त्रक्रिया करून आला होता. नुसतं बायोडेटा म्हणून वाचलं तरी दमायला होतं.

फ्रान्समध्ये क्लोद क्विनोने हेच काम वेगळ्या वाटेने केलं. यकृताच्या वाहिन्यांत प्लास्टिक ओतायचं आणि भोवतालचं मांस रसायनाने विरघळवून टाकायचं. उरतो तो रंगीत पोवळ्यासारखा साचा. १९५७ साली त्याचं पुस्तक आलं आणि त्याने केलेले यकृताचे आठ भाग आज जगभरातल्या रिपोर्टवर असतात. मामाच्या रिपोर्टवरही होते. 'सेगमेंट सात'. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

मला यात गंमत अशी वाटली की तुंगने यकृत शिकायला आधी दोनशे मेलेल्यांची यकृतं हाताळली. प्रत्येक सर्जनला तशी संधी कुठून मिळणार?

ती व्यवस्था लावली अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेडने. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं. तिथे त्याने रेसिडेन्सीची पद्धत बसवली. तरुण डॉक्टर हॉस्पिटलातच राहणार, वर्षानुवर्षं मोठ्यांच्या हाताखाली काम करणार आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढणार. (हॉल्स्टेडला स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून कोकेनचं व्यसन लागलं होतं, पण ती वेगळी पोस्ट होईल.) याच परंपरेतून डॉक्टरांच्या तोंडी एक वाक्य बसलं: एक बघा, एक करा, एक शिकवा. आपल्याकडच्या गवयाच्या घराण्यासारखीच ही पद्धत. गुरूजवळ राहायचं, पाणी भरायचं आणि एक दिवस गुरू म्हणेल, "आता तू घे षड्ज."

ही पद्धत शंभर वर्षं चालली, कारण गुरूला आणि शिष्याला दिसणारं पोट एकच होतं. दोघांचे हात त्याच भोकात. शिष्याची सुरी वाकडी जायला लागली की गुरू त्याचं मनगट धरू शकत होता.

आणि मग दुर्बीण आली.

१२ सप्टेंबर १९८५ला जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन या गावात एरिश म्यूहे नावाच्या सर्जनने पोट न फाडता, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी त्याने जर्मन सर्जन मंडळींसमोर हे सांगितलं तेव्हा त्याची टर उडवली गेली. (१९९२ साली त्याच संस्थेने त्याला पुरस्कार दिला. इतकं तरी झालं.) १९८७ साली ल्योनमध्ये फिलिप मूरेने हीच शस्त्रक्रिया केली, आणि त्यानंतर जी लाट आली तिला तोड नाही. पेशंट दोन दिवसांत घरी जातो, व्रण दिसत नाही, मग कोण पोट फाडून घेणार? पेशंटच मागायला लागले. आणि सर्जन शनिवार-रविवारचा कोर्स करून सोमवारी दुर्बीण हातात घेऊ लागले.

इथे गुरूच नव्हता. वीस वर्षं पोट उघडून ऑपरेशन करणारा गुरू स्वतःच नवशिक्या झाला होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हत्यार पोटाच्या भोकावर टेकतं, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. चित्र सपाट पडद्यावर. खोली कळत नाही. स्पर्श जेमतेम. वीस वर्षांची हातांची सवय उलट आड येते.

१९९१ साली अमेरिकेतल्या 'सदर्न सर्जन्स क्लब'ने १,५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. पित्तनलिकेला इजा होणं ही यातली सगळ्यात भयंकर चूक. माणूस पुढे वर्षानुवर्षं भोगतो. एकूण प्रमाण अर्धा टक्का. वाचायला बरं वाटतं. पण त्यांनी तो आकडा फोडून दाखवला. सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ पेशंटमध्ये हे प्रमाण २.२ टक्के होतं. त्यानंतरच्या पेशंटमध्ये ०.१ टक्के.

हे वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. तेच ऑपरेशन, तेच हॉस्पिटल, तोच डॉक्टर. तुमचा नंबर दहावा की चाळीसावा, एवढ्यावर धोका वीसपटीने बदलतो. आणि तुमचा नंबर कितवा हे तुम्हाला कोणी सांगत नाही. आमच्या धंद्यात नवा पोरगा शिकतो तेव्हा टेस्ट सर्व्हर पडतो. फार तर रात्री दोनला मॅनेजरचा फोन येतो. इथे शिकण्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. १९९२ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने शेवटी नियम केला की स्वतंत्रपणे करण्याआधी सर्जनने देखरेखीखाली किमान पंधरा शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात.

मुंबईतली गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती उलट्या दिशेने गेली. डॉ. तेहमटन उदवाडिया जे. जे. हॉस्पिटलात १९७२ पासून दुर्बिणीतून पोटात बघत होते, निदानासाठी. बघणाऱ्यांना ते खूळ वाटायचं. पण १९९० साली जेव्हा त्यांनी मुंबईत दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, भारतातलं पहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना त्या पडद्याची अठरा वर्षांची सवय होती. बाकीचं जग शनिवार-रविवारी जे शिकत होतं, ते त्यांनी जवळजवळ दोन दशकं, दुर्बीण म्हणजे फक्त बघायचं साधन असताना, शिकून ठेवलं होतं. २०२३ साली ते गेले तेव्हा सगळ्या बातम्यांत 'भारतातल्या लॅप्रोस्कोपीचे जनक' असं छापून आलं. त्या मधल्या अठरा वर्षांबद्दल मात्र कोणी फार लिहिलं नाही.

आता रोबोट. एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण मामाचाही होता. हा रोबोट स्वतःहून काही करत नाही. 'रोबोटकडून करून घेऊ का' हा प्रश्नच चुकीचा. सर्जन काही फुटांवर एका कन्सोलपाशी बसतो, डोळे दुर्बिणीच्या खिडकीत घालतो, बोटं कड्यांत अडकवतो आणि त्याच्या बोटांची हालचाल पोटातली बारीक हत्यारं करतात. हाताची थरथर गाळली जाते. हालचाल लहान करून पाठवता येते. हात तीन सेंटीमीटर हलला तर आत एकच हलतो. चित्र थ्रीडी. आणि हत्याराला मनगट आहे, जे साध्या दुर्बिणीच्या काठ्यांना नव्हतं. यकृताच्या मागच्या, कोपऱ्यातल्या जागी टाका घालायला हे मनगट मोलाचं.

हे यंत्र आलं युद्धाच्या पैशातून. कॅलिफोर्नियाच्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत फिल ग्रीन आणि मंडळींनी दूरवरून शस्त्रक्रिया करायचं यंत्र बनवलं, आणि रिचर्ड सटावा या लष्करी सर्जनमुळे त्यात अमेरिकन संरक्षण खात्याला रस वाटला. जखमी जवान आघाडीवर, सर्जन मागे सुरक्षित, अशी कल्पना. ते युद्धात काही गेलं नाही. १९९५ साली इंट्यूटिव्ह सर्जिकल कंपनी निघाली, १९९७ साली बेल्जियममध्ये तिच्या सुरुवातीच्या यंत्राने माणसाचं पित्ताशय काढलं गेलं, आणि २००० साली 'दा विंची'ला अमेरिकेत सामान्य शस्त्रक्रियांसाठी परवानगी मिळाली.

दूरवरच्या शस्त्रक्रियेचं स्वप्न एकदा खरं झालं. ७ सप्टेंबर २००१. झाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसला आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये एका ६८ वर्षांच्या बाईचं पित्ताशय काढलं, 'झ्यूस' नावाच्या रोबोटने, ५४ मिनिटांत. अटलांटिकखालून जाऊन परत येणाऱ्या सिग्नलला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. नेटवर्कवाल्या मित्रांनो, २००१ साली १५५! चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्यामुळे ही बातमी साहजिकच मागे पडली.

यकृतावर रोबोट नेणाऱ्यांत पहिलं मोठं नाव पिएर क्रिस्टोफोरो जुलियानोत्ती. इटलीत, तोस्काना प्रांतातल्या ग्रोसेत्तो नावाच्या गावातलं हॉस्पिटल. रोम नाही, मिलान नाही; आपल्याकडचं जिल्ह्याचं ठिकाण म्हणा. तिथे त्याने २००० सालापासून दा विंचीवर काम सुरू केलं, मग २००७ साली शिकागोला गेला आणि २०११ साली त्याने रोबोटने केलेल्या ७० यकृत-शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. तेव्हा यकृताच्या बाबतीत हा आकडा फारच मोठा होता. बहुतेक सर्जन यकृतापासून लांबच राहिले होते. रोबोट मूत्राशय-प्रोस्टेटवाल्यांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी उचलला. यकृतवाले घाबरत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

कारण या यंत्राला बराच काळ स्पर्शच नव्हता. दोरा किती ताणला गेलाय हे हाताला कळत नाही. डोळ्यांनी ओळखायचं, पेशी कशी पांढरी पडते, दोऱ्याची गाठ कशी बसते त्यावरून. शिकणारे सुरुवातीला दोरे तोडत सुटतात. (स्पर्शाचा दाब परत देणारं दा विंची ५ अमेरिकेत २०२४ साली मंजूर झालं.) शिवाय उघड्या शस्त्रक्रियेत यकृत कापायला अल्ट्रासाउंडच्या कंपनांवर चालणारं खास हत्यार असतं, जे पेशी फोडतं आणि शिरा शाबूत ठेवतं. दा विंचीच्या मनगटी हातांसाठी तसं हत्यार नव्हतं. मग बरेच जण परत जुन्या युक्तीकडे गेले: चिमट्याने यकृत चुरडायचं, शिरा उघड्या पडल्या की एकेक बंद करायची. म्हणजे अडीच मिलियन डॉलरच्या घरातलं यंत्र, आणि त्याच्या टोकाला तुंगची बोटं!

बरं, रक्त सुटलं तर? उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनचा हात तिथेच असतो, बोट दाबलं की झालं. इथे सर्जन निर्जंतुक गाऊनही न घालता लांब बसलेला. पोटापाशी उभा असतो तो त्याचा सहायक. रोबोटचे हात पटकन बाजूला काढायचे, पोट उघडायचं, हे मिनिटांत व्हायला हवं. त्यामुळे एकटा सर्जन शिकून भागत नाही. सहायक, नर्स, भूलतज्ज्ञ, सगळ्या टीमने 'रक्त सुटलंय' अशी तालीम करून ठेवावी लागते, आपल्या ऑफिसातल्या फायर ड्रिलसारखी. फक्त ती आपल्यासारखी चहा पीत नाही करायची.

टीमचं ऐकू येणं हीसुद्धा गोष्ट असते, हे मला न्यूकॅसलच्या प्रकरणात कळलं. २०१५ साली तिथल्या फ्रीमन हॉस्पिटलात हृदयाच्या झडपेची ब्रिटनमधली पहिली रोबोटिक शस्त्रक्रिया झाली आणि पेशंट काही दिवसांनी दगावला. २०१८ साली चौकशी झाली. मार्गदर्शनासाठी बोलावलेले दोन तज्ज्ञ शस्त्रक्रिया संपण्याआधीच निघून गेले होते. कन्सोलमधून येणारा सर्जनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, सहायकाला नीट समजत नव्हता. ट्रेनिंगबद्दलही प्रश्न निघाले. साध्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली असती तर हा माणूस बहुधा वाचला असता, असा चौकशी अधिकाऱ्यांचा निष्कर्ष.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००८ साली एका सर्जनने देखरेखीखाली दोन रोबोटिक शस्त्रक्रिया करून तिसरी एकट्याने केली. प्रोस्टेटची. पेशंटला गंभीर इजा झाली. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली न्यायालयाने म्हटलं की यंत्राच्या धोक्यांची सूचना कंपनीने हॉस्पिटललाही द्यायला हवी, नुसती सर्जनला देऊन भागणार नाही. मला त्यातले दोन आणि तीन हे आकडेच डोक्यात राहिले. म्हणजे १९९१ साली तेराचा धडा छापून झाला होता, १९९२ साली पंधराचा नियम झाला होता, आणि यंत्र बदलल्यावर गाडी पुन्हा दोनवर!

विमानवाल्यांनी हे आधी भोगलं होतं. एडविन लिंक हा अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनचा, बापाचा ऑर्गन-पियानो बनवायचा कारखाना. ऑर्गनचेच भाते वापरून त्याने १९२९च्या सुमाराला जमिनीवर हलणारं खोटं विमान बनवलं. जत्रेतल्या पाळण्यापलीकडे कोणी त्याला विचारेना. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून न्यायचं काम आलं, वैमानिकांना ढगांत उपकरणं बघून उडवता येईना, आणि काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली.

सर्जनांचा तसा क्षण यायला २००२ साल उजाडलं. येल विद्यापीठात सोळा शिकाऊ सर्जन घेतले. अर्ध्यांना नेहमीसारखं शिकवलं, अर्ध्यांना त्याशिवाय सिम्युलेटरवर. सिम्युलेटरवर पेशी-बिशी काही नव्हतं, व्हिडिओ गेमसारखे साधे गोळे उचलून ठेवायचे. मग खऱ्या पेशंटवर बघितलं. सिम्युलेटरवाले २९ टक्के वेगवान. आणि दुसऱ्या गटात नको तिथे भाजण्याची किंवा पित्ताशयाला इजा करण्याची शक्यता पाचपट जास्त. गोळे उचलायच्या खेळाने खऱ्या माणसाचं पोट वाचतं हे असं कागदावर आलं.

हात किती चांगला हे मोजताही येतं का? येतं. २०१३ साली मिशिगनमधल्या वीस सर्जनांनी आपापल्या शस्त्रक्रियेचा एकेक व्हिडिओ दिला, इतर सर्जनांनी नाव न बघता गुण दिले. खालच्या पाव भागातल्या सर्जनांच्या पेशंटना गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के, वरच्या पाव भागात ५.२. पुढे सिएटलच्या लोकांनी असे व्हिडिओ इंटरनेटवरच्या अनोळखी, डॉक्टर नसलेल्या माणसांना दाखवून गुण घेतले, तर ते तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळपास निघाले. म्हणजे हात कसा चालतो हे तुम्हाआम्हालाही बघून थोडंफार कळतं. फक्त आपल्याला कोणी व्हिडिओ दाखवत नाही.

हे सगळे धागे एकत्र विणले ते पिट्सबर्ग विद्यापीठात, स्वादुपिंड आणि यकृताच्या रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी. शिकणारा आधी सिम्युलेटरवर बसतो, आणि तिथे तास भरून सुटका नाही, ठरलेला दर्जा गाठेपर्यंत तेच तेच करायचं. मग कृत्रिम आतडी, कृत्रिम नलिका. त्या खऱ्या रोबोटने शिवायच्या, प्रत्येक टाक्याला गुण. मग गुरूंच्या शस्त्रक्रियांचे व्हिडिओ, टप्प्याटप्प्याने कापलेले. मग कुठे खरा पेशंट, तोही दोन कन्सोलवर. २००९ सालच्या मॉडेलपासून दा विंचीला दुसरं कन्सोल जोडता येतं. गुरू-शिष्य एकच चित्र बघतात, आणि गुरू हत्यारांचा ताबा काढून घेऊ शकतो. म्हणजे हॉल्स्टेडचं धरलेलं मनगट परत आलं. (आम्ही याला पेअर प्रोग्रामिंग म्हणतो आणि मॅनेजरला वाटतं दोन माणसं एकाचं काम करतायत.)

नेदरलँड्सने पिट्सबर्गच्या लोकांना बोलावून हीच पद्धत स्वादुपिंडासाठी देशभर लावली, सात हॉस्पिटलांत, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवून निकाल छापले. पाठोपाठ यकृतासाठीही तसाच कार्यक्रम आखला. तिथे आधी सोप्या जागा: पुढचे, कडेचे भाग. मागचे, वरचे भाग नंतर. यकृताच्या शस्त्रक्रियेला अवघडपणाचे गुण देण्याची पद्धत २०१४ साली जपानमधल्या मोरिओकाच्या परिषदेत मांडली गेली होती, तिचा इथे उपयोग होतो. गाठ कुठे, केवढी, मोठ्या शिरेपासून किती लांब, यावर ठरतं की हा पेशंट कितव्या पायरीचा.

एवढं वाचून मामाला फोन केला. त्याला म्हटलं, यंत्राचं सोड, डॉक्टरांना विचार, तुम्ही रोबोटवर यकृताच्या किती केल्यात.

"असं कसं विचारायचं रे? माणूस रागावेल."

आमची पिढी झोमॅटोवर वडापावचे रिव्ह्यू वाचते, पण डॉक्टरांना आकडा विचारायचा म्हणजे मामाला देवळात चपला घालून गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी मीच गेलो बरोबर. मामा विषय काढायचं सोडून पंख्याकडे बघत बसला, म्हणून मी विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची सरकवली, कागद घेतला, यकृताचं चित्र काढलं आणि आठ भाग पाडले.

"उघडून केलेल्या दोनशेच्या वर. रोबोटवर यकृताच्या अकरा, त्यातल्या पहिल्या पाचला माझे सर बाजूला होते. सगळ्या इथल्या," असं म्हणून त्यांनी पुढच्या भागांवर पेन टेकवलं. "तुमची गाठ इथे आहे. सात. मागे, वर, मोठ्या शिरेला लागून. दोन वर्षांनी आलात तर कदाचित रोबोटवर करीन. आज मी उघडूनच करणार."

मामाचा चेहरा पडला. त्याने सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. पाच तास. नऊ दिवस हॉस्पिटल, मग दीड महिना घरात, खोकला आला की पोटाशी उशी धरून. परवा गेलो तेव्हा मामा बनियन वर करून शेजारच्या कुलकर्णीकाकांना व्रण दाखवत होता, बरगडीखालून आडवा गेलेला, लांबलचक. पहिला स्कॅन स्वच्छ आलाय. मला बघून म्हणाला, "हा बघा आमचा इंजिनियर. याच्यामुळे माझा रोबोट हुकला."